सिकलसेलचा रिपोर्ट आला, आता पुढे काय? वॉर्डातल्या आणि फिल्डवरच्या सिस्टरसाठी

बीएस्सी नर्सिंगला चौथ्या सेमिस्टरमध्ये पॅथॉलॉजीसोबत जेनेटिक्स असतं, एएनएम-जीएनएम या नर्सिंगच्या दुसऱ्या कोर्सना तर त्याहूनही कमी. मेंडेलचे वाटाणे आणि ते चौकोन पाठ करायचे, पेपर झाला की सोडून द्यायचं, असा एकंदर प्रकार. मग पोस्टिंग लागतं धानोरा, धारणी नाहीतर अक्कलकुव्याला, आणि एएनसीच्या (गरोदरपणातल्या तपासणीच्या) लायनीत उभ्या असलेल्या बायकांमध्ये कुणीतरी सिकलसेलची (लाल पेशी विळ्यासारख्या होण्याच्या आनुवंशिक आजाराची) वाहक निघतेच, म्हणजे स्वतः आजारी नाही पण बदललेला जीन बाळाला देऊ शकते, आणि ती विचारते, "सिस्टर, म्हणजे माझ्या बाळाला होणार का?" तिथे वाटाणे कामाला येत नाहीत. म्हणून हे लिहितेय. सगळे आनुवंशिक आजार घेत नाही, सिकलसेल धरूनच लिहिते, कारण विदर्भात आणि नंदुरबार-धुळ्याकडे आपल्याला रोज लागणारं जेनेटिक्स हेच, आणि हे नीट जमलं की थॅलेसेमियाचं (हाही हिमोग्लोबिनचाच आनुवंशिक आजार) पण बरंचसं जमतं.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, ० ते ४० वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं टार्गेट आहे. त्यामुळे टेस्टिंग आता भरपूर होतं. पण कार्ड पेटीत साडीखाली पडलेलं असतं, बाईला स्वतःला माहीत नसतं त्यावर काय लिहिलंय, आणि नवऱ्याची तपासणी झालेलीच नसते. माझं स्पष्ट मत आहे की टेस्ट हा सोपा भाग आहे. विचारणं, नवऱ्याला आणणं आणि आठवडे मोजणं हा अवघड भाग, आणि तो डॉक्टर करत नाहीत, लॅबवाला करत नाही, तो आपल्याच गळ्यात असतो.

आधी थोडक्यात शास्त्र, कारण हे डोक्यात पक्कं नसेल तर समजावताना जीभ अडखळते. ११ नंबरच्या क्रोमोसोमवर बीटा ग्लोबिनचा जीन असतो, त्यात एका ठिकाणी एक अक्षर बदललेलं असतं, त्यामुळे ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन येतं. बस एवढाच फरक. पण ऑक्सिजन सुटला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दांडे बनवतं आणि लाल पेशी विळ्यासारखी होते, अडकते, लवकर फुटते. प्रत्येकाकडे या जीनच्या दोन प्रती, एक आईकडून एक बापाकडून. दोन्ही चांगल्या तर एए, एक चांगली एक बदललेली तर एएस म्हणजे वाहक, दोन्ही बदललेल्या तर एसएस म्हणजे आजार. वाहकाला मलेरियाचा जीवघेणा प्रकार कमी होतो, म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथेच हा जीन टिकून राहिला. कुणाच्या पापाचा, खाण्यापिण्याचा किंवा जातीचा दोष नाही, हे घरच्यांना सांगायला हा मुद्दा फार उपयोगी पडतो. आणि "हा फक्त आदिवासींचा आजार" हे डोक्यातून काढून टाका. गोंड, माडिया, पावरा, भिल्ल यांच्यात आहेच, पण नागपूर-भंडाऱ्याकडे बौद्ध समाजात आहे, इतरांतही सापडतो. आडनाव बघून टेस्ट करायची की नाही हे ठरवणाऱ्या सिस्टर मी पाहिल्यात, तसं करू नका.

घरची माहिती कशी काढायची

"घरात कुणाला आनुवंशिक आजार आहे का?" असं विचारलं की उत्तर येतं "नाही". शंभर टक्के. कारण घरात त्याला कुणी आनुवंशिक म्हणतच नाही, त्याला सांधेवात म्हणतात, कावीळ म्हणतात, अंगात रक्त नाही म्हणतात, बाहेरचं काहीतरी लागलंय म्हणतात. मग विचारायचं असं:

"तुमची भावंडं किती झाली? आणि जगली किती?"
"पाच झालो, तिघं आहोत."
"गेली ती कशाने गेली?"
"एक बारीक असतानाच गेला, ताप आला अन् पोट फुगलं. मोठी बहीण बाळंतपणात गेली. तिचे हातपाय लय दुखायचे, सांधेवात होता म्हणे."
"तिला कधी रक्त चढवलं होतं?"
"हो, चंद्रपूरला दोनदा."

बघा, "नाही" म्हणणाऱ्या बाईच्या घरात हे सगळं निघालं. लहानपणी ताप येऊन पोट फुगून गेलेलं मूल म्हणजे स्प्लीनमध्ये (प्लीहेत) रक्त साचून गेलेलं असू शकतं. खात्री नाही, पण कागदावर यायलाच हवं. सात-आठ महिन्यांच्या बाळाची हाताची-पायाची बोटं सुजली होती का, डोळे पिवळे असतात का, थंडीत किंवा पावसात भिजल्यावर हातपाय दुखून रडायचं का, शाळा सारखी बुडायची का, हे प्रश्न "सिकलसेल आहे का" यापेक्षा कितीतरी जास्त सांगून जातात.

तीन पिढ्या घ्या: ती स्वतः आणि भावंडं, आईवडील आणि त्यांची भावंडं, आजीआजोबा. मग नवऱ्याकडचं तेवढंच. आणि लग्न नात्यात झालंय का हे विचारायचंच, आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न ही काही लपवायची गोष्ट नाही, लोक सहज सांगतात, फक्त कुणी विचारत नाही. सख्ख्या आतेमामे भावंडांमध्ये सरासरी आठव्या हिश्श्याचे जीन सारखे असतात, म्हणजे एकाच आजीकडून आलेला बदललेला जीन दोघांकडे असण्याची शक्यता बरीच वाढते.

कागदावर काढायची पद्धत सोपी आहे. पुरुष चौकोन, बाई गोल. आजारी असेल तर पूर्ण भरायचं, वाहक असेल तर अर्धं. वारलेल्यावर तिरकी रेघ. गर्भपाताला छोटा त्रिकोण. नवराबायकोमध्ये आडवी रेघ, नात्यातलं लग्न असेल तर दोन रेघा. जिच्यापासून सुरुवात केली तिच्याकडे बाण. वय आणि कशाने वारलं ते खाली बारीक अक्षरात. केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूला दहा मिनिटांत होतं, सुंदर यायची गरज नाही, एमओंना (मेडिकल ऑफिसरना) एका नजरेत कळलं म्हणजे झालं.

एक महत्त्वाचं, हे सगळं सासूसमोर विचारू नका. सासूला वजनकाट्याकडे पाठवा, आशाताईला सांगून बाहेर बसवा, काहीही करा. माहेरी कुणी सिकलसेलने गेलं हे लग्नाच्या वेळी लपवलेलं असतं बऱ्याचदा, आणि ती बाई सासूसमोर मान हलवून "नाही" म्हणेल, तुमचा कागद स्वच्छ राहील आणि काहीच हाती लागणार नाही.

टेस्ट: कशावर किती भरवसा ठेवायचा

उपकेंद्रावर होते ती सोल्युबिलिटी टेस्ट. रिएजंटमध्ये थोडंसं रक्त टाकायचं, पाचेक मिनिटं थांबायचं, नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्पष्ट दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. रिएजंट फ्रिजमधून काढून लगेच वापरू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, एक्स्पायरी बघा, आणि माहीत असलेला एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह नमुना सोबत लावा. रिएजंट खराब झालं असेल तर सगळं गाव निगेटिव्ह येतं आणि आपण खूश होतो.

ही टेस्ट एएस आणि एसएस मधला फरक सांगत नाही. म्हणजे पॉझिटिव्ह आली की "तुला सिकलसेल आहे" असं बोलायचंच नाही, फक्त "अजून एक तपासणी लागेल" एवढंच. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये रक्त घ्या, ट्यूब हलकेच उलटीपालटी करा, नाव-वय-गाव तिच्यासमोरच लिहा (एका गावात एकाच नावाच्या चार जणी असतात, नवऱ्याचं नाव पण टाका), आणि एचपीएलसीला (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी लॅबमधली तपासणी) पाठवा. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर ते फॉर्मवर ठळक लिहा, नाहीतर रिपोर्टमध्ये रक्तदात्याचं हिमोग्लोबिन वाचत बसाल. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सोल्युबिलिटी करूच नका, त्याच्या रक्तात बाळाचं हिमोग्लोबिन जास्त असतं, खोटी निगेटिव्ह येते. हिमोग्लोबिन फारच कमी असेल तरी खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

आता जिथे सगळ्यात जास्त गडबड होते तो मुद्दा. बायको एएस निघाली, नवऱ्याची सोल्युबिलिटी केली, निगेटिव्ह आली, आणि रजिस्टरला लिहिलं "पती नॉर्मल". चूक! सोल्युबिलिटी फक्त सिकल हिमोग्लोबिन पकडते. नवरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल, किंवा त्याच्याकडे हिमोग्लोबिन डी (बदललेल्या हिमोग्लोबिनचा आणखी एक प्रकार) असेल, तर त्याची सोल्युबिलिटी निगेटिव्हच येणार, आणि बाळाला सिकल-बीटा थॅलेसेमिया किंवा सिकल-डी होऊ शकतो, जो काही वेळा एसएसइतकाच त्रास देतो. म्हणून बायको वाहक असेल तर नवऱ्याची थेट एचपीएलसी आणि सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). एचपीएलसीत ए२ हिमोग्लोबिन ३.५ टक्क्यांच्या वर आणि एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) कमी असेल तर थॅलेसेमियाची शंका घ्यायची. अंगात लोह फार कमी असेल तर ए२ खोटंच कमी दिसतं, ते पण लक्षात असू द्या. सिंधी, पंजाबी, कच्छी, लोहाणा कुटुंबांत थॅलेसेमियाचे वाहक जास्त सापडतात, पण इथेही तोच नियम, आडनाव बघून टेस्ट टाळायची नाही.

रिपोर्ट हातात आला की आपणही एक नजर टाकायची. साध्या वाहकात ए हिमोग्लोबिन एस पेक्षा जास्त असतं. रक्त चढवलेलं नाही आणि तरी एस हे ए पेक्षा जास्त दिसतंय, आणि खाली "सिकल ट्रेट" (म्हणजे वाहक) छापलंय, तर तो कागद एमओंच्या टेबलावर ठेवून विचारा. छापलेलं म्हणजे बरोबरच असं नसतं.

रिपोर्ट सांगायचा कसा

एएसवालीला पहिलं वाक्य हे: "तुम्हाला आजार नाही." मग थांबा. ते आत जाऊ द्या. मग सांगा की तुम्ही काम करू शकता, मुलं होऊ शकतात, याला गोळ्या लागत नाहीत. अगदी क्वचित लघवीतून रक्त जाणं किंवा पाणी न पिता टोकाचे श्रम केल्यावर त्रास, एवढंच. आणि एएस बाईचं हिमोग्लोबिन ८ आलं तर "सिकलमुळे असेल" म्हणून सोडून देऊ नका, वाहकपणाने हिमोग्लोबिन एवढं उतरत नाही, ते बहुतेक लोहाच्या कमतरतेने असतं, तिला लोहाच्या गोळ्या इतरांसारख्याच लागतात. एसएसचं वेगळं, तिला फॉलिक ॲसिड द्यायचं पण लोह डॉक्टरांनी बघून सांगितल्यावरच, कारण वारंवार रक्त घेतलेल्यांच्या अंगात आधीच लोह साठलेलं असतं.

दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के एसएस, ५० टक्के एएस, २५ टक्के एए. हे टक्के आकडे म्हणून कुणाला कळत नाहीत. मी चिंचोके वापरते. चिंचोका मधून फोडला की एक बाजू काळी, एक पांढरी, सारीपाट खेळताना फासे म्हणून टाकतात तसे. एक फोडलेला चिंचोका नवऱ्याच्या हातात, एक बायकोच्या. पांढरी बाजू म्हणजे बदललेला जीन. दोघांनी एकदम टाकायचे. दोन्ही काळे पडले तर बाळ एए, एक काळा एक पांढरा तर वाहक, दोन्ही पांढरे तर आजार. दहा-बारा वेळा टाकू द्या त्यांना. कधी लागोपाठ दोनदा पांढरे-पांढरे पडतात, कधी बराच वेळ पडतच नाहीत, आणि "पहिलं मूल आजारी झालं, आता पुढची तीन चांगली होणार" हा जो सगळ्यांचा हिशेब असतो तो तिथेच मोडतो, तुम्हाला काही बोलावं लागत नाही. मागच्या डावात काय पडलं ते चिंचोक्याला आठवत नाही.

आईलाच दोष देणारं घर असेल तर हाच खेळ सासूसमोर मुद्दाम करा. पांढरी बाजू दोघांच्याही चिंचोक्याला आहे हे तिला डोळ्याने दिसतं.

मग भावंडं. एसएस मुलाचे आईवडील दोघं वाहक असतील तर त्याचा ठणठणीत दिसणारा भाऊ वाहक असण्याची शक्यता तिनातून दोन. वाहक बाईच्या सख्ख्या भावाबहिणीला निदान निम्मी. म्हणजे एक रिपोर्ट आला की तो एकटीचा नसतो, लग्नाला आलेली बहीण, भाऊ, मामेभाऊ सगळे त्यात आले. पण तुम्ही परस्पर त्यांच्या घरी जाऊन सांगायचं नाही. तिला सांगा, तिला पटवा, तिने त्यांना घेऊन यायचं. दोन वाहकांनी लग्न करूच नये असंही आपण सांगायचं नसतं, काय होऊ शकतं ते सांगायचं, ठरवतील ते. वाहक कळलं म्हणून मोडलेली लग्नं आणि माहेरी पाठवलेल्या मुली या भागात सगळ्यांना माहीत आहेत, त्यामुळे रिपोर्ट व्हरांड्यात ओरडून सांगणं, यादी भिंतीवर लावणं, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नावासकट फोटो टाकणं हे बंद म्हणजे बंद.

कधी असं होतं की मूल एसएस आणि बापाचा रिपोर्ट एए. लगेच मनात नको ते येतं. तोंडातून एक शब्द काढू नका. नमुन्यांची अदलाबदल झाली असू शकते, बाप थॅलेसेमियाचा वाहक असू शकतो आणि मूल खरं तर सिकल-बीटा असू शकतं. नमुने परत घ्या, एमओंना एकटं गाठून सांगा. त्यातूनही बाप वेगळा असेल तर ते त्या बाईशी एकटीशी बोलायचं, आणि ते डॉक्टर किंवा समुपदेशक ठरवतील.

गरोदर बाई: इथे आठवडे मोजायचे

नवराबायको दोघांचे रिपोर्ट १० आठवड्यांच्या आत हातात असतील तर सगळे रस्ते मोकळे असतात. म्हणून नोंदणीच्या दिवशीच तिचा रिपोर्ट शोधा, नसेल तर त्याच दिवशी रक्त, आणि ती वाहक असेल तर नवरा त्याच आठवड्यात. नवरा आंध्र-तेलंगणात मिरची तोडायला किंवा सुरतेला कामाला गेलाय हे उत्तर येणारच. तिथल्या सरकारी दवाखान्यात तपासून रिपोर्टचा फोटो मागवा, फोनवर स्वतः त्याच्याशी बोला, "बायकोला काही नाही झालं, बाळासाठी तुमचं रक्त बघायचंय" असं. पुरुष घाबरून येत नाहीत, रागावून नाही.

दोघं वाहक असतील तर गर्भाची तपासणी होऊ शकते. साधारण ११ ते १३ आठवड्यांत वारेच्या कडेचा बारीक तुकडा घेतात, किंवा १५-१६ आठवड्यांपासून पुढे गर्भजल. त्या नमुन्यातून डीएनए बघतात, त्यासाठी आईवडिलांचं रक्त पण सोबत लागतं, म्हणजे नवरा बरोबर जायलाच हवा. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची एनआयआयएच ही रक्ताच्या आजारांवर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे, हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी ही तपासणी तिथे होते. निघण्याआधी फोन करून तारीख घ्या, गडचिरोलीहून उगाच हेलपाटा नको. गर्भपाताचा धोका अनुभवी हातात शंभरात एक किंवा त्याहून कमी, तो आधी सांगायचा. तिचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर नंतर अँटी-डीचं इंजेक्शन लागतं, रेफर स्लिपवर रक्तगट लिहायला विसरू नका.

ही तपासणी १९९४ च्या पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याखाली येते. नोंदणी असलेल्या केंद्रातच, तिची लेखी संमती फॉर्म जी वर तिला समजणाऱ्या भाषेत, एक प्रत तिच्याकडे. मुलगा की मुलगी हे कुणी सांगायचं नाही, आणि "तिकडे गेलाच आहात तर ते पण कळेल का" हे विचारणाऱ्यांना तिथेच तोडायचं. गर्भ एसएस निघाला तर पुढे काय हे जोडपं ठरवतं. २० आठवड्यांपर्यंत गर्भपाताला एका डॉक्टरांचं मत लागतं, २० ते २४ मध्ये कायद्यात सांगितलेल्या परिस्थितीतच आणि दोन डॉक्टरांचं, त्यापुढे मेडिकल बोर्ड. ठेवायचं म्हटलं तरी तुमचा चेहरा बदलता कामा नये. एसएस मुलं आता चांगली वाढतात, हायड्रॉक्सियुरिया हे त्रास कमी करणारं औषध आहे, लसी आहेत, आणि आपल्या भागातल्या बऱ्याच रुग्णांमध्ये बाळाचं हिमोग्लोबिन जास्त टिकतं त्यामुळे काहींना त्रास कमी होतो. कुणाला किती होईल हे मात्र आधी सांगता येत नाही, तसा शब्द देऊ नका.

बाई स्वतः एसएस असेल तर ते हाय रिस्क, उपकेंद्रावर बाळंतपण नाही. आणि हायड्रॉक्सियुरिया चालू असताना दिवस राहिले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

वॉर्डबद्दल थोडंच, कारण ते बहुतेकींना येतं. एसएसचा पेशंट दुखतंय म्हणाला तर दुखतंय. "नाटक करतो, इंजेक्शनची सवय लागलीय" हे वाक्य मला फार चीड आणतं. पेनकिलर वेळेवर, पाणी, ऊब, बर्फ अजिबात नाही, ऑक्सिजन लेव्हल बघत राहा. ताप म्हणजे इमर्जन्सी. छातीत दुखून धाप लागली, तोंड वाकडं झालं, एकदम पांढरा पडला, तर वाट बघायची नाही. मलेरियासाठी प्रायमाक्विन लिहिलं असेल तर जी६पीडीची (लाल पेशीतल्या एका एन्झाइमची) टेस्ट झाली का विचारा, तो वेगळा आनुवंशिक दोष आहे पण याच पट्ट्यात सापडतो, आणि लघवी काळपट लाल झाली तर गोळी थांबवून डॉक्टरांना बोलवा.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया तिन्ही आहेत, पेशंटला प्रमाणपत्राचा अर्ज करायला सांगा, बऱ्याच घरांत हे माहीतच नसतं. प्रमाणपत्र आजाराचं मिळतं, वाहकाला नाही, त्यावरून वाद घालायला लोक येतात.

वाहक जोडप्याचं बाळ जन्मलं की टाचेतून रक्त घेऊन एचपीएलसीला पाठवायची सोय असेल तर पाठवा, नसेल तर सहा महिने पूर्ण होतील ती तारीख लसीच्या कार्डवर आणि तुमच्या रजिस्टरला दोन्हीकडे लाल पेनने लिहा. एसएस निघालं तर पेनिसिलीन आणि न्यूमोकोकलची लस याबद्दल लगेच बालरोग डॉक्टरांकडे, आणि आईला डाव्या बरगडीखाली हात ठेवून स्प्लीन कशी चाचपायची ते शिकवा. तिचा हात तुमच्या हाताखाली घेऊन दाखवा, मग तिला एकटीला करायला लावा, मग घरी रोज अंघोळ घालताना. नेहमीपेक्षा मोठी लागली आणि बाळ मलूल दिसलं तर संध्याकाळची वाट न बघता निघायचं, आणि १०८ चा नंबर तिच्या मोबाईलमध्ये आहे का ते त्याच वेळी बघून घ्या.